ढगांतल्या मेळघाटात वाटाड्यासोबत तीन दिवस : सहल कशी आखावी

मेळघाटातल्या चिखलदऱ्याला जायचे ठरले की आमच्या अचलपूर-परतवाड्याकडच्या घरांत आधी गाडीची चौकशी होते, मग खोल्यांची, आणि वाटाड्याची आठवण झालीच तर ती घाट चढून वर पोहोचल्यावर होते. पावसाळ्यात हा क्रम उलटा करावा. ऐन श्रावणात देवी पॉइंटच्या कठड्याशी उभे राहिले तर बहुतेक वेळा समोर दरी नसते, नुसते पांढरे धुके असते. ज्या पॉइंटांसाठी एवढी माणसे वर येतात ते त्या दिवसांत दिसतच नाहीत, आणि मग भाजलेले कणीस खाऊन, चार छायाचित्रे काढून लोक दुपारीच घाट उतरतात. त्याच धुक्यात, रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, दिवसभर पुरेल इतके पाहण्यासारखे असते; मात्र ते दाखवायला तिथलाच माणूस लागतो. गेली काही वर्षे मी नातेवाइकांचे आणि मित्रांचे लहान गट घेऊन या डोंगरात जात आहे. त्यात ज्या चुका झाल्या आणि जे जमले, त्यावरून तीन दिवसांची आणि दोन मुक्कामांची सहल कशी आखावी हे पुढे लिहिले आहे.

हे रान कोणते आहे

उष्ण कटिबंधातील ज्या डोंगरी जंगलात वर्षातले बहुतेक दिवस ढग झाडांच्या शेंड्यांमधूनच वाहत असतात, त्याला मेघवन म्हणतात. तिथे पाऊस नसतानाही पाने आणि फांद्या ढगातले पाणी गाळून घेतात, ते थेंबाथेंबाने जमिनीवर उतरते, आणि झाडे शेवाळ, नेचे व आमरी म्हणजे ऑर्किड यांनी लगडलेली असतात. मध्य अमेरिकेतील कोस्टारिका या देशाचे माँतेवेर्दे हे अशा जंगलाचे जगप्रसिद्ध उदाहरण आहे आणि आपल्याकडच्या निलगिरीतील शोला वनांचे त्याच्याशी जवळचे नाते आहे. मेळघाट या अर्थाने मेघवन नाही, आणि सोबतच्या मंडळींना तसे सांगून नेऊ नये. हे मूळचे सागाचे पानझडी रान आहे. उन्हाळ्यात इथली पाने पायाखाली करकर वाजतात आणि वणव्याची भीती असते. पण जून सरत आला की हेच रान सुमारे तीन महिने ढगात जाते, आणि तेवढ्या काळापुरते मेघवनाचे पुष्कळसे गुण त्याच्या अंगी येतात.

ढग इथेच का बसतो, हे समजून घेतल्यास दिवस आखणे सोपे जाते. पूर्णेचे खोरे समुद्रसपाटीपासून तीन-साडेतीनशे मीटरवर आहे. त्याच्या उत्तरेला गाविलगडाचा डोंगर भिंतीसारखा उठतो आणि चिखलदऱ्यापाशी सुमारे अकराशे मीटरपर्यंत जातो. जवळचे वैराट त्याहून थोडे उंच, ११७८ मीटर आहे. अरबी समुद्राकडून आलेले ओले वारे या भिंतीला आदळून वर चढतात, चढताना निवतात, आणि त्यांच्यातली वाफ ढग होऊन नेमकी माथ्यावर बसते. परतवाड्याच्या स्टँडवर घाम पुसणारा माणूस तासाभराने वर जाऊन शाल शोधतो, त्याचेही कारण हेच. याचा व्यवहारातला अर्थ असा की ढग माथ्यावर सर्वांत दाट असतो, उतारावर विरळ होत जातो, आणि सेमाडोह-कोलकासच्या खोऱ्यात तो बहुधा डोक्यावरूनच निघून जातो. वर काहीच दिसेनासे झाले तर दिवस बुडाला असे समजून खोलीत पत्ते पिसत बसू नये. वाटाड्याला विचारून खालची वाट धरावी.

दिवस कोणते निवडावेत

जुलैच्या मध्यापासून ऑगस्ट संपेपर्यंत धुके सर्वांत जास्त असते आणि पाऊसही. ज्यांना फुले आणि फुलपाखरे पाहायची आहेत त्यांनी सप्टेंबर धरावा. शनिवार-रविवार आणि पंधरा ऑगस्टचा आठवडा पूर्णपणे टाळावा, कारण त्या दिवसांत घाटात गाड्यांची जी रांग लागते तिच्यात पहिला दिवस निम्मा संपतो. सोमवारी सकाळी निघून बुधवारी संध्याकाळी परतणे हा आमच्या अनुभवातला सर्वांत चांगला क्रम आहे.

व्याघ्रप्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातील सफारी पावसाळ्यात बंद असतात. कोणती वाट आणि कोणते विश्रामगृह चालू आहे, हे निघण्यापूर्वी वनविभागाकडून विचारून घ्यावे. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये देशात जाहीर झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक आहे, त्यामुळे वाघाचे नाव निघणारच. परंतु या दाट रानात वाघ उन्हाळ्यातही सहजासहजी दिसत नाही, मग पावसाळ्याची गोष्टच सोडा. वाघाची आशा दाखवून माणसे गोळा केली तर तिसऱ्या दिवशी तीच माणसे तोंड पाडून बसतात.

आणखी एक बाब शहरातील मंडळींच्या लक्षात येत नाही. हे दिवस शेतीचे असतात. सकाळी अकरा वाजता इथल्या कोरकू आदिवासींच्या गावात गेलात तर दाराशी म्हातारी माणसे आणि लहान पोरे तेवढी भेटतील. बाकी सगळे निंदणाला किंवा डवरणीला गेलेले असतात. म्हणून गावाची भेट नेहमी दुपार कलल्यावर ठेवावी, आणि पोळ्याच्या सुमारास जायचे असल्यास आधी गावाला विचारूनच जावे.

वाटाडा कसा शोधावा आणि कसा ठरवावा

सहलीचा निम्मा विचार इथे खर्च करावा. वाटाडे दोन प्रकारचे लागतात, आणि एकाच माणसाकडून दोन्ही कामांची अपेक्षा करू नये. रानातल्या वाटांसाठी वनविभागाने प्रशिक्षण दिलेले गाईड असतात. त्यांतील बरेचसे आसपासच्या गावांतले तरुण आहेत, त्यांना परवानगीच्या वाटा, बंदीचे भाग आणि पक्ष्यांची नावे माहीत असतात. गावासाठी मात्र त्याच गावचा, शक्यतो वयाने मोठा माणूस हवा, ज्याच्या सोबत असण्याने लोकांना आपण परके वाटणार नाही. सहा ते आठ माणसांमागे एक वाटाडा हे प्रमाण पाळावे. एका वर्षी मी उत्साहाच्या भरात सव्वीस माणसे बस करून नेली होती. पुढचे सहा जण वाटाड्याचे बोलणे ऐकत होते, मधले एकमेकांशी बोलत होते आणि शेवटचे तिघे वाट चुकून धुक्यात हाका मारत होते. त्यानंतर बारापेक्षा जास्त माणसे मी कधी नेली नाहीत.

निघण्याच्या आठवडाभर आधी वाटाड्याशी फोनवर बोलावे. दिवसा रेंज मिळेलच असे नाही, म्हणून संध्याकाळी तो घरी किंवा रेंजच्या टेकडीवर असतो ती वेळ विचारून ठेवावी. कोणत्या नाल्याला सध्या पाणी आहे, कोणती वाट निसरडी झाली आहे, गटात म्हातारे किंवा मुले असतील तर किती चालता येईल, हे त्याला विचारावे. चांगल्या वाटाड्याची खूण अशी की तो पहिल्याच बोलण्यात एखाददुसऱ्या ठिकाणाला ‘तिकडे या दिवसांत नको’ असे म्हणतो. सगळ्याला होकार देणारा माणूस पावसाळ्यासाठी घेऊ नये.

मजुरी पूर्ण दिवसाची, आधी आणि स्पष्ट ठरवावी. गाडीच्या ड्रायव्हरला आपण दिवसाचे जे देतो त्यापेक्षा वाटाड्याला कमी देऊ नये, आणि पावसामुळे चालणे झाले नाही तरी दिवस भरला असे धरावे. आपल्यासाठी त्याने शेताचे काम सोडलेले असते. पैसे त्याच्याच हातात द्यावेत. एका वर्षी आम्ही ज्या लॉजवर उतरलो होतो तिथल्या व्यवस्थापकाकडे वाटाड्याचे पैसे दिले. पुढच्या वर्षी बोलता बोलता कळले की त्याला त्यातले जेमतेम निम्मे मिळाले होते. त्याने स्वतःहून तक्रार केली नव्हती, आणि तेच आम्हाला अधिक लागले.

भाषेची अडचण येत नाही. कोरकू माणूस घरात कोरकू, बाहेरच्यांशी हिंदी आणि बाजारात वऱ्हाडी बोलतो. तरी दोन-चार शब्द शिकून गेल्यास चालण्याची गंमत वाढते. कोरकू ही मराठी-हिंदीच्या कुळातली भाषा नव्हे. ती झारखंडकडच्या संथाली आणि मुंडारी यांची बहीण आहे आणि त्या मुंडा कुळातली सर्वांत पश्चिमेची भाषा आहे. मिया, बारी, आफई, उफून, मोनोई ही तिच्यातली एक ते पाच. साग म्हणजे सिपना, आणि सेमाडोहजवळून वाहणाऱ्या नदीचे नावही सिपना. ‘कोरो’ म्हणजे माणूस, त्याला अनेकवचनाचा ‘कू’ लागला की कोरकू, म्हणजे माणसे. मुलांना बरोबर नेले असेल तर त्यांना वाटेवरची झाडे कोरकूत मोजायला लावावीत. आमच्या भाचीने दुसऱ्या दिवशी वाटाडे काकांनाच चूक दाखवली आणि ते मनापासून हसले.

चालताना वाटाड्याच्या पुढे कोणीही जाऊ नये आणि शेवटी एक जबाबदार माणूस ठेवावा, हा नियम निघतानाच सांगावा. प्रश्न विचारण्याची पद्धतही बदलावी. ‘हे झाड कोणते’ असे विचारले की नाव मिळते आणि बोलणे संपते. ‘याचे तुम्ही काय करता’ असे विचारले की तिवसाचे लाकूड बैलगाडीला का चांगले, बिब्याला हात का लावायचा नाही, मोह कोणत्या महिन्यात वेचायचा, अशा गोष्टी आपोआप निघतात.

पहिला दिवस

रेल्वेने येणाऱ्यांनी बडनेऱ्याला उतरून अमरावतीमार्गे परतवाड्याला यावे. परतवाडा हे शेवटचे मोठे बाजाराचे गाव आहे. डिझेल, रोख पैसे, औषधे, टॉर्चचे सेल हे सगळे इथेच घ्यावे. चिखलदऱ्याला चढण्याचे दोन रस्ते आहेत, एक धामणगाव गढीवरून आणि दुसरा घटांगवरून. जाताना एक आणि परतताना दुसरा धरला की रान दोन्ही अंगांनी पाहून होते. घाट उजेडातच चढावा. धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावले तर समोर पांढरी भिंतच उभी राहते. लहान दिवे लावून, हॉर्न देत, रस्त्याच्या डाव्या कडेचा अंदाज घेत हळू जावे.

पहिल्या दुपारी गाविलगड पाहावा. बहामनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ च्या सुमारास हा किल्ला बांधला, आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो नागपूरकर भोसल्यांकडून जिंकला. किल्लेदार बेनीसिंग त्या लढाईत पडला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. दक्षिणेकडचे कडे चढणे अशक्य म्हणून इंग्रजांनी तोफा डोंगर-रानातून ओढत उत्तरेच्या अंगाला आणल्या होत्या. हे आधी सांगून ठेवले की धुक्यातही किल्ला कळतो, कारण पाय ज्या चढावर दमतात त्याच चढाचा तो इतिहास आहे. दरवाजावरचे शार्दूल आणि हत्ती, आतले तलाव आणि पडकी मशीद यांच्यापलीकडे कड्याच्या बाजूला जाऊ नये. धुक्यात तट कुठे संपतो ते दिसत नाही आणि दगडांवर शेवाळ असते.

भीमाने कीचकाला मारून दरीत टाकले म्हणून कीचकदरा आणि त्याचा चिखलदरा झाला, ही कथा भीमकुंडाजवळ प्रत्येक जण सांगतो. ती ऐकावी आणि पुढे चालावे.

दुसरा दिवस, म्हणजे धुक्यात पाहावे कसे

हा दिवस पूर्णपणे पायी ठेवावा, आणि अंतर चार-पाच किलोमीटरपेक्षा जास्त ठरवू नये. उन्हाळ्यात आपण लांब पाहतो. धुक्यात नजर हाताच्या अंतरावर आणावी लागते, आणि तिला ती सवय लागायला पहिला तास जातो. म्हणून सुरुवातीलाच एका जागी वीस मिनिटे गप्प बसवावे. मोठी माणसे कुरकुर करतात, मुले करत नाहीत.

सागाचे एकच पान घेऊन बसले तरी तास निघून जातो. कोवळे पान बोटांत चुरडले की बोटे कुंकवासारखी लाल होतात. नव्या माणसाला आधी हे दाखवावे, म्हणजे तो पुढे वाकून पाहायला लागतो. ऑगस्टच्या शेवटी झाडावरची कित्येक पाने जाळीदार झालेली असतात. एक बारीक अळी दोन शिरांमधला हिरवा गर तेवढा खाते आणि शिरा ठेवून देते. असे पान उजेडाकडे धरले तर मोठ्या शिरेतून लहान शीर, तिच्यातून आणखी लहान, असे सगळे जाळे दिसते, आणि त्या दिवसांत त्याच्या प्रत्येक घरात पाण्याचा एक थेंब अडकलेला असतो. आमचे वाटाडे काका ते पान न तोडता फांदीच खाली वाकवून धरत आणि सगळ्यांचे पाहून झाले की हळूच सोडत. वर सागाला त्याच दिवसांत पांढरट फुलांचे मोठे तुरे आलेले असतात, आणि रुंद पानांवर पाऊस पडण्याचा आवाज कौलांवरच्या पावसासारखा येतो. प्रत्यक्षात पाऊस थांबलेला असून फांद्यांवर साचलेले धुकेच गळते आहे, हे पुष्कळदा मागाहून कळते.

झाडांच्या खोडांवर, विशेषतः जुन्या आणि खरबरीत सालीच्या झाडांवर, आमरी शोधाव्यात. त्या झाडाचे रक्त पीत नाहीत, फक्त आधार घेतात आणि मुळांनी हवेतला ओलावा ओढतात. त्या का उपटून नेऊ नयेत हे मुलांना सांगायला ही जागा योग्य आहे, आणि मोठ्यांना तर नक्कीच. कुत्र्याच्या छत्र्यांना हात लावू नये. गावकरी काही आळिंबी खातात, पण ती ओळख पिढ्यांची आहे. आपण रानातून उचलून हॉटेलच्या स्वयंपाक्याला देण्याचा प्रयोग करू नये.

पक्षी या दिवसांत कानांनीच पाहावे लागतात. नवरंग पावसाळ्यात मध्य भारतात वीण करायला येतो आणि पहाटे व तिन्हीसांजेला त्याची दोन सुरांची शीळ रानभर चालू असते. रानपिंगळ्याची गोष्ट मात्र वाटाड्याकडून अवश्य ऐकावी. १८८४ नंतर हा छोटा पिंगळा कोणालाच सापडला नव्हता आणि तो नामशेष झाला असे धरले गेले होते. ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, तो नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा दिसला, आणि पुढे मेळघाट हे त्याचे मोठे घर असल्याचे लक्षात आले. तो दिवसाही हिंडतो, म्हणून सागाच्या उघड्या फांदीवर दिसण्याची शक्यता असते. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, याचे डोके जवळजवळ कोरे असते. नोंद करायची असेल तर हा एक फरक लक्षात ठेवला तरी चालेल. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावू नये, विणीच्या काळात तर मुळीच नाही.

दुपारी कॉफीची बाग पाहावी. महाराष्ट्रात कॉफी पिकवण्यासाठी ओळखले जाणारे ठिकाण चिखलदराच आहे. मोठ्या झाडांच्या सावलीत कमरेएवढी झुडपे असतात आणि पावसाळ्यात त्यांना हिरवी फळे धरलेली असतात. लाल फळे पाहायची असतील तर हिवाळ्यात यावे लागेल.

एकदा परवानगीच्या वाटेवर, ओढ्याच्या काठाशी, काकांनी हात वर करून सगळ्यांना थांबवले. समोर काही नव्हते. चिखलात एक पाऊलखूण होती, तळहाताएवढी, आणि तिच्या कडांतून पाणी अजून आत झिरपत होते. ते फक्त ‘मामा’ एवढेच पुटपुटले आणि आम्हाला आल्या वाटेने मागे घेऊन निघाले. कोरकूत वाघाला कुला म्हणतात आणि बोलताना आदराने कुलामामा. मागे फिरायचे की नाही यावर आमच्यातल्या एकाने वाद घालायला तोंड उघडले होते. असा वाद होणार नाही, वाटाड्याचा शब्द शेवटचा, हे सहलीला निघण्यापूर्वीच सर्वांकडून कबूल करून घ्यावे.

तिसरा दिवस आणि गाव

सकाळी चिखलदऱ्याहून सेमाडोहकडे उतरावे. वनविभागाचे निवासस्थान चालू असेल तर दुसरा मुक्कामच सेमाडोहला ठेवणे अधिक चांगले, कारण सकाळी ढगाखालचे रान मिळते. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाच नद्या मेळघाटातून निघून तापीला मिळतात. त्यांतली सिपना पावसाळ्यात कशी भरते ते कोलकासच्या वळणावर उंचावरून पाहावे, पाण्यात उतरू नये. दुपारनंतर, आधी ठरवलेल्या एकाच गावात जावे. तीन गावे पाहण्यापेक्षा एका गावात तीन तास बसणे बरे.

जुने कोरकू गाव पाहताच ओळखू येते. मध्ये रुंद, झाडून स्वच्छ केलेला रस्ता, आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या सरळ ओळी. बांबूचे विणलेले ताटवे, त्यांवर माती-शेणाचा लेप. प्रथम गावच्या पटेलांना, म्हणजे गावप्रमुखांना, किंवा त्यांच्या घरच्यांना राम राम करावा, का आलो ते सांगावे आणि बसायला सांगितले तर बसावे. घरात डोकावू नये. गावाबाहेर सागवानी लाकडाचे कोरीव स्मृतिस्तंभ दिसतात, त्यांना मुंडा म्हणतात; त्यांवर सूर्य, चंद्र, घोड्यावरचा माणूस कोरलेला असतो. ते गेलेल्या माणसांसाठी उभारलेले आहेत, म्हणून तिथे टेकून छायाचित्र काढणे म्हणजे कोणाच्या तरी समाधीवर बसण्यासारखे आहे. होळीनंतरच्या मेघनाथाच्या खांबाबद्दल आणि गादली-सुसून नाचाबद्दल विचारावे, पण ‘जरा नाचून दाखवा’ असे कधीही म्हणू नये. पैसे देऊन अवेळी नाच करवून घेतलेला मी एकदा पाहिला आहे. नाचणाऱ्या बाया आमच्याकडे न पाहता जमिनीकडे पाहत होत्या.

जेवण गावातच, आधी सांगून, एखाद्या घरी किंवा बचत गटाकडून करून घ्यावे. कुटकीचा भात, मक्याची किंवा ज्वारीची भाकर, तरोट्याची भाजी, मिळालीच तर काटवलाची भाजी, असे साधे ताट असते. ताटात पडेल तेवढेच मागावे. सामानाचे पैसे आदल्या दिवशी वाटाड्याकरवी पोहोचते करावेत, कारण बारा माणसांचे सामान उधारीवर आणणे कोणालाही परवडत नाही.

मेळघाट म्हटले की वर्तमानपत्रांतली कुपोषणाची छायाचित्रे आठवतात आणि काही मंडळी बिस्किटे-चॉकलेटांच्या पिशव्या घेऊन निघतात. तसे करू नये. त्याने कुपोषण हटत नाही. गाडी दिसली की हात पसरून धावण्याची सवय मात्र मुलांना लागते. मदत करायचीच असेल तर शाळेच्या शिक्षकांना किंवा आशाताईंना काय हवे ते विचारून नंतर पाठवावे. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी अनेक वर्षे रुग्णसेवा केली आणि २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु असे दवाखाने हे ‘पाहण्याचे ठिकाण’ नव्हे, तिथे रुग्ण रांगेत असतात. खरेदी करायची असेल तर गावात मध घ्यावा, गवळ्यांकडून खवा घ्यावा. धारणीकडे जाणार असाल तर लवादा येथील संपूर्ण बांबू केंद्र आधी कळवून पाहावे. राखीपौर्णिमेच्या आधी गेल्यास तिथल्या बांबूच्या राख्या मिळतात.

गाभ्यातल्या बोरी, कोहा, कुंड अशा गावांचे पुनर्वसन झाले आहे. आपला वाटाडा कदाचित अशाच एखाद्या घरातला असतो. हा विषय त्याने काढला तर ऐकावा, आपण मत देऊ नये.

सामान आणि आजार

छत्री रानात उपयोगाची नाही. रेनकोट किंवा घोंगडी, घट्ट बसणारे खरबरीत तळाचे बूट, पूर्ण बाह्यांचे कपडे, दोन जोड कोरडे मोजे आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली काडेपेटी पुरे. कॅमेऱ्याच्या भिंगावर वाफ धरते, म्हणून तो खोलीतून एकदम बाहेर न काढता पिशवीतच अर्धा तास बाहेरच्या हवेत ठेवावा.

आजारांबाबत मात्र थोडे सविस्तर सांगणे गरजेचे आहे. मेळघाटात हिवताप आहे, म्हणून मच्छरदाणी न्यावी आणि ती गादीखाली नीट खोचावी. जमिनीवर झोपणाऱ्याला मण्यारीपासूनही तिचा बचाव होतो. पावसाळा संपत येताना विदर्भात स्क्रब टायफस हा ताप येतो, २०१८ मध्ये नागपूर भागात त्याचे पुष्कळ रुग्ण सापडले होते. गवत-झुडपांतील चिगर नावाच्या अगदी बारीक किड्याच्या चाव्याने तो होतो आणि चाव्याच्या जागी कधी कधी सिगारेटने भाजल्यासारखा काळा डाग दिसतो. उघड्या गवतावर बसू नये, संध्याकाळी गरम पाण्याने आंघोळ करून कपडे बदलावेत, आणि परतल्यावर तीन आठवड्यांत ताप आला तर आपण मेळघाटात गेलो होतो हे डॉक्टरांना न विसरता सांगावे. वेळेवर ओळखला तर तो साध्या औषधांनी बरा होतो. साप चावल्यास जागा कापू नये, आवळून बांधू नये, चावलेला भाग हलू न देता तडक रुग्णालय गाठावे. चिखलदऱ्याला ग्रामीण रुग्णालय आहे, धारणीला आणि अचलपूरला उपजिल्हा रुग्णालये आहेत. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८ सर्वांना पाठ असतो, पण रेंज नसलेल्या ठिकाणी तो लागत नाही. म्हणून रेंज कुठे येते ते झाड, तो उंचवटा वाटाड्याला पहिल्याच दिवशी विचारून ठेवावा आणि गाडी रात्री त्या तोंडाने उभी करावी.

परतीला गावातून चार वाजता निघावे, म्हणजे घटांगच्या बाजूने अंधार पडण्यापूर्वी परतवाडा येते. वाटाड्याचा आणि जेवणाचा हिशेब निघण्यापूर्वी गावातच, सर्वांसमोर मोजून पूर्ण करावा. छायाचित्रे काढली असतील तर ज्यांची काढली त्यांना ती मोबाइलवर पाठवतो असे सांगून सुटू नये. परतवाड्याच्या स्टुडिओत कागदावर काढून घ्यावीत, मागे नाव लिहावे आणि वाटाडा बाजाराला येईल तेव्हा त्याच्या हाती द्यावीत. आमच्या काकांच्या घरी भाचीचा आणि त्यांचा असा एक फोटो ताटव्याला खोचलेला आहे, त्याच्या मागे तिने मिया ते मोनोई लिहून दिले आहे, आणि ‘उफून’ तिथेही चुकलेलेच आहे.